रिले आणि हातगुण

विजेचा शॉक मी तीस वर्षांत सात-आठ वेळा खाल्ला असेन. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती मला वीज समजावून सांगणाऱ्या लोकांबद्दल. नाशिकला अंबडमध्ये माझा कंट्रोल पॅनल बनवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक गाळा, दोन लांब टेबलं आणि तीन माणसं, त्यातला एक मी. तिथे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पहिली दहा मिनिटं मला करंट म्हणजे काय ते सांगतं आणि मग विचारतं, "बरं, पॅनल कधी देताय?" द्राक्षवाले तर यात सगळ्यांच्या पुढे. ज्याने वेलीवर किती घड ठेवायचे हे ठरवलं त्याला जगातलं बाकी सगळं आपोआप येतं, अशी त्यांची पक्की समजूत असते.

असाच एक मालक दोन वर्षांपूर्वी मला भेटला. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे हायवेला लागून त्याने नवीन पॅकहाऊस बांधलं होतं. वय पस्तीस, शेतकीची पदवी, हातात दोन फोन, आणि दोन्हींवर एकाच वेळी बोलायची हौस. तो मला काका म्हणायचा. माझ्याहून फार तर पंधरा-सोळा वर्षांनी लहान असेल, पण काका म्हणून पहिल्याच दिवशी त्याने मला म्हातारा करून टाकलं. म्हाताऱ्यांना चहा द्यायचा आणि त्यांचं ऐकायचं नाही, ही त्याच्या घरची रीत असावी. चहा मात्र चांगला असायचा.

पॅकहाऊसचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बागेतून क्रेटमध्ये द्राक्षं येतात. डोक्याला टोप्या, अंगात अ‍ॅप्रन घातलेल्या बायका कात्रीने ती साफ करून पेट्यांत भरतात, आणि भरलेल्या पेट्या ट्रॉलीवरून गार खोलीत जातात. या खोलीला वीतभर जाडीचा सरकता दरवाजा होता. माणसाने ओढायचा म्हटला तर दोघं लागली असती, म्हणून त्याला मोटर बसवली होती. मोटर एका बाजूला फिरली की दरवाजा उघडायचा, उलटी फिरली की लागायचा. तिने कुठल्या बाजूला फिरायचं हे सांगायला माझ्या पॅनलमध्ये दोन रिले होत्या, एक उघडायची आणि एक लावायची. रिले म्हणजे काड्यापेटीएवढी पारदर्शक डबी. आत एक छोटं चुंबक आणि वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट. बटण दाबलं की टक, पॉइंट जुळले. सोडलं की टक, पॉइंट सुटले. जन्मभर एवढंच करायचं. माझ्या पाहण्यात याहून सोप्या कामावर लोकांनी पेन्शन घेतलंय.

जानेवारीत माल सुरू झाला आणि दहा-बारा दिवसांत फोन आला.

"काका, तुमची रिले गेली."

दरवाजा चालतो तेव्हा तो 'आमचा ऑटोमॅटिक दरवाजा' असतो. बंद पडला की 'तुमची रिले'. मी गेलो. उघडायच्या रिलेचे पॉइंट एकमेकांना चिकटून बसले होते, त्यामुळे दरवाजा उघडा तो उघडाच. लावायचं बटण दाबलं की ब्रेकर पडत होता. डबी उपटली, नवीन लावली, चहा प्यालो, परत आलो. आठव्या दिवशी परत फोन. मग सहाव्या दिवशी. नाशिकहून पिंपळगाव काही लांब नाही, पण दर आठवड्याला काड्यापेटीएवढ्या डबीसाठी ओझर ओलांडायचं म्हणजे माणसाचा स्वभाव बिघडतो. माझा मुळात फार चांगला नव्हताच.

तिसऱ्या वेळेपर्यंत तिथे प्रत्येकाचं निदान तयार झालं होतं. सुपरवायझर म्हणाला, व्होल्टेज. का, तर त्याच्या घरचा टीव्ही गेला होता. गार खोलीचं मशीन बसवणारा म्हणाला, ओल. त्याला बाराही महिने सगळीकडे ओल दिसते, कारण गळती त्याच्या पाइपांची असते. मालकाच्या मेव्हण्याने मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला होता, त्यामुळे त्याच्या मते सगळ्या इमारतीचं अर्थिंगच नव्याने करायला हवं होतं. तो मला म्हणाला, "तुम्ही एकदा बघून घ्या, लिंक पाठवतो." मी म्हटलं पाठवा. त्याने खरंच पाठवली. चौथ्या खेपेला पाहतो तर पॅनलच्या मुठीला लिंबू-मिरची बांधलेली. लिंबाचा रस पत्र्यावरून ओघळून माझा रंग खात होता. मी ती कापून टाकली, तेव्हा सुपरवायझरने माझ्याकडे असं बघितलं, जणू रिले मीच जाळत होतो.

आता दरवाज्यावरच्या बाईबद्दल सांगायला हवं.

दरवाज्याच्या शेजारी एक प्लॅस्टिकची खुर्ची होती आणि कमरेच्या उंचीवर दोन बटणं, हिरवं उघडायचं, लाल लावायचं. सकाळच्या पाळीला तिथे एक पंचेचाळीस-पन्नाशीची बाई बसायची, दुपारच्या पाळीला एक माणूस. बाई मालकाच्याच बागेत वीस वर्षं कामाला होती. द्राक्षाच्या बागेत सगळं काम डोक्याच्या वर असतं. मांडवाखाली उभं राहायचं, हात वर, आणि दिवसभर घड विरळ करायचे, औषधाच्या मगात बुडवायचे. वीस वर्षांत तिचा उजवा खांदा गेला. हात छातीच्या वर जात नव्हता. बागेत उपयोग नाही, पॅकिंगच्या टेबलावर घड उचलून धरायचा तर तेही जमत नाही. मालकाने तिला दरवाज्यावर बसवलं, आणि हे पुण्यकर्म तो येणाऱ्या-जाणाऱ्याला तिच्यासमोर सांगायचा. "खांद्याने बाद झाली होती, पण आपण सोडलं नाही तिला." ती खाली बघून बसायची. तिच्या दृष्टीने ती खुर्ची म्हणजे मिळू शकणारं शेवटचं काम होतं. दोन बटणं, तीही कमरेच्या उंचीवर. ती खुर्ची गेली तर पुढे फक्त क्रेट धुवायचा हौद उरत होता, किंवा घर.

चौथी रिले मी अंबडला आणून करवतीने कापली. पॉइंट वितळून जोडले गेले होते. हे कशाने होतं ते मला झोपेतही सांगता येईल. या मोटरबरोबर एक कंडेन्सर असतो, त्यात वीज साठून राहते. मोटर धावत असताना तिला एकदम उलट फिरायला लावलं, तर ती साठलेली वीज सगळी त्या बिचाऱ्या पॉइंटवर कोसळते. दोन-चार वेळा सोसतात, मग चिकटतात. म्हणून शहाणा माणूस मध्ये विश्रांती ठेवतो. मी शहाणा होतो. मी टायमर बसवला होता. दरवाजा उघडत असताना मध्येच लाल बटण दाबलं, तरी तो आधी थांबणार, तीन सेकंद उभा राहणार आणि मगच मागे येणार, अशी माझी वायरिंग होती. त्या सबंध पट्ट्यात मध्ये टायमर ठेवणारा पॅनलवाला मीच एकटा, असं मी चारचौघांत सांगतही असे.

तेव्हा पाचव्या खेपेला मी पॅनल उघडून रिले बदलली आणि आधी टायमर बघितला. त्याचा हिरवा दिवा वेळेवर लागत होता, वेळेवर विझत होता. दरवाजा पूर्ण उघडला, पूर्ण लावला. दहा वेळा केलं. कुठे काही नाही. झाकण लावलं आणि ठरवलं की पॅनल निर्दोष आहे. ते मी बनवलं होतं, हाच माझ्या लेखी मुख्य पुरावा होता.

मालक तिथे आला. त्याच्या मागे सुपरवायझर, हातात वही.

"काका, एक गोष्ट लक्षात आली का? पाची रिले सकाळच्या पाळीत गेल्या. दुपारच्या पाळीत एक नाही."

वही बघितली. खरं होतं. पाचही वेळा वेळ सकाळची, आणि खुर्चीवर ती बाई.

"मी काय म्हणतो काका," मालक आवाज खाली आणून म्हणाला, पण बाईला ऐकू जाईल इतपतच खाली, "हातगुण असतो एकेकाचा. आमचे आजोबा रोप लावायचं तर पहिलं रोप वाटेल त्याच्या हातून लावून घ्यायचे नाहीत. काही हात असतात असे."

शेतकीची पदवी, दोन फोन, परदेशात जाणारी द्राक्षं, आणि हातगुण. मला मनातून इतकं हसू आलं की ते लपवायला मी मल्टीमीटरकडे बघत बसलो. असल्या गोष्टी मी मानत नाही. मी म्हणालो, "हातगुण वगैरे काही नसतं. ऑपरेटरची चूक आहे ही." मालकाने मान डोलावली. त्याच्या हातगुणात आणि माझ्या ऑपरेटरच्या चुकीत त्या दिवशी मला जमीन-अस्मानाचा फरक वाटत होता.

तरी रीत म्हणून मी बाईला विचारलं. "मावशी, दरवाजा उघडत असताना मध्येच लाल बटण दाबता का?"

"हो," ती म्हणाली. "मालकानीच सांगितलंय. दरवाजा पुरा उघडू द्यायचा नाय. ट्रॉली आत गेली की आहे तिथून मागं घ्यायचा, गारवा जातो म्हने."

"दाबा. मध्येच दाबलं तरी काही होत नाही. आत त्याची सोय केलेली आहे."

तिने दरवाज्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "भाऊ, एक सांगू का? पहिले ना, लाल दाबलं की दरवाजा थांबायचा. जरा दम खायचा न् मग मागं यायचा. आता नाय थांबत. सटकन येतो. धक्का बसतो त्याला."

"मावशी, दरवाजा दम खात नाही," मी म्हणालो. सुपरवायझर हसला. त्यामुळे मला आणखी जोर चढला. "आत टायमर आहे. तो चालू आहे, आत्ताच बघितला मी. मिक्सरचं बटण फिरवावं तसं तुम्ही ते रगडता, त्याने होतंय हे."

"हळूच दाबते वो मी."

"बरं."

हा संवाद मला शब्दन् शब्द आठवतो, आणि आठवला की अंगाला घाम येतो. ती जे सांगत होती ते खरं की खोटं हे बघायला दोन सेकंद लागले असते. हिरवं दाबायचं, दरवाजा अर्ध्यावर आला की लाल दाबायचं, बस. दहा वेळा मी दरवाजा पूर्ण उघडून पूर्ण लावला होता. अर्ध्यावरून एकदाही मागे घेतला नव्हता. पण खुर्चीवर बसून बटण दाबणाऱ्या बाईने सांगायचं आणि पॅनल बनवणाऱ्याने ते तपासायचं, हे माझ्या टाळक्यात शिरणं शक्य नव्हतं. मी हत्यारांची पिशवी उचलली.

गाडीपर्यंत सोडायला आलेला मालक म्हणाला, "अजून एक गेली तर मी तिला हलवतो तिथून. काय म्हणता?"

"हलवा," मी म्हणालो.

सहावी रिले पुढच्याच आठवड्यात गेली. मी नवीन बसवायला गेलो तेव्हा दुपारचा माणूस सकाळपासूनच खुर्चीवर होता. बाई पॅकिंग हॉलच्या दाराशी उभी होती, अजून कुठे जायचं ते कुणी सांगितलं नसावं. माझं काम आटपेपर्यंत ती तिथेच थांबली आणि मी निघालो तशी पुढे आली.

"भाऊ, तुम्ही मालकाला सांगा ना. मी चुकत आसंल तर मला दावा कसं दाबायचं ते. तसं करते मी. मला तिकडं हौदावर नाय जमायचं, खांदा उचलत नाय."

"यात शिकवण्यासारखं काही नाही मावशी," मी म्हणालो. "आणि ते माझ्या हातात नाही. मालकांशी बोला."

त्या वेळी मला तिचा राग आला होता, हे लिहायला हवं. सहा खेपा झाल्या होत्या. माझं नाव पिंपळगावात खराब होत होतं, आणि ते एका खुर्चीवर बसणाऱ्या बाईमुळे होतंय अशी माझी खात्री होती. त्यातून वर तीच मला दरवाजा कसा चालतो ते सांगत होती. मालक, मेव्हणा, सुपरवायझर आणि ती, या सगळ्यांना मी एकाच खान्यात टाकलं होतं. विजेबद्दल मत असणारे लोक.

पंधरा दिवस फोन आला नाही. मग आला तो वेगळ्याच कामासाठी. दरवाजा हलताना भोंगा वाजायला हवा, माल घेणाऱ्या पार्टीची अट होती. मी भोंगा घेऊन गेलो. दुपारचे साडेबारा झाले असतील. हॉलमध्ये जेवणाची सुट्टी होती, बायका डबे घेऊन शेडखाली बसल्या होत्या, खुर्चीवरचा माणूस तंबाखू मळायला बाहेर गेला होता. त्याचं काम मी येता-येताच बघितलं होतं. दरवाजा सताड उघडा टाकून तो बसायचा. ट्रॉल्या येवोत, जावोत. गारवा जातोय तर जाऊ दे, मालक आला की लावायचा. म्हणजे मालकाचा नियम पाळायचा नाही हा त्याचा नियम होता. त्यामुळे त्याच्या पाळीत दरवाज्याला अर्ध्यावरून मागे यायची पाळीच येत नव्हती.

भोंग्याची वायर जोडून झाली. तो उघडताना वाजतो का, लावताना वाजतो का, ते बघायचं होतं. मी हिरवं दाबलं. भोंगा वाजला, दरवाजा सरकायला लागला. भूक लागली होती, पूर्ण उघडायची वाट कोण बघणार, म्हणून अर्ध्यावरच लाल दाबलं.

दरवाजा थांबला नाही. जागच्या जागी हिसका खाऊन सटकन मागे आला. पॅनलमध्ये टकटक झालं आणि डबीच्या आत निळी ठिणगी उडालेली मला पॅनलच्या दाराच्या काचेतून दिसली.

मी परत हिरवं दाबलं, परत लाल. परत हिसका. सटकन हा शब्द तिचा. त्याहून नेमका शब्द मला आजही सुचत नाही.

मेन बंद केला आणि पॅनल उघडलं. टायमरचा दिवा आतापर्यंत इमानाने लागत होता. त्याच्या मागे काय चाललंय हे दिव्याला कुठून कळणार. वायरिंगच्या पट्टीचं झाकण काढलं. तिथे, टायमरच्या दोन टोकांना परस्पर जोडणारी वीतभर पिवळी तार होती. टायमर आपले तीन सेकंद मोजत बसायचा आणि वीज या तारेवरून केव्हाच पुढे गेलेली असायची. तारेच्या दोन्ही टोकांना लाल टेपचे दोन-दोन वेढे. तात्पुरत्या जोडणीला लाल टेप लावायची, म्हणजे नंतर काढायची आठवण राहते. ही पद्धत माझी आहे. माझ्या गाळ्यातल्या माणसांना मीच ती शिकवली आहे.

कधी लावली तेही मग आठवलं. उद्घाटनाच्या दिवशी, माल सुरू होऊन चार-पाच दिवस झाले होते तेव्हा. मांडव घातला होता, तालुक्यातली झाडून सगळी वजनदार माणसं शाली पांघरून बसली होती, नारळ फुटायचा होता. मालकाने मला बाजूला घेतलं. "काका, पाहुण्यांसमोर दरवाजा असा मध्येच उभा राहून विचार करायला नको. लोकांना वाटेल अडकला. आजच्यापुरतं काही करा." खरं तर त्याला सांगायला हवं होतं की तो विचार करतो म्हणून टिकणार आहे. पण समोर कॅमेरेवाला उभा होता, आणि या दरवाज्याचं पॅनल कुणाचं हे त्या शालीवाल्यांना सांगितलं जाणार होतं. आजच्यापुरतं म्हणून मी तार मारली. दरवाजा झटझट पुढे-मागे झाला, टाळ्या पडल्या, मलाही एक शाल मिळाली. जेवण करून मी घरी गेलो.

आजच्यापुरतं हा आमच्या धंद्याचा जुना रोग आहे. दुसऱ्यांच्या पॅनलमधल्या असल्या तारा उपटून मी त्यांच्या अकलेवर व्याख्यानं दिली आहेत. फोटो काढून ग्रुपवर टाकले आहेत, खाली हसणारे चेहरे. ही तार मी कापली आणि बोटाएवढे तुकडे करून बाहेरच्या कचऱ्यात टाकले. फोटो काढला नाही.

झाकण लावत होतो तेवढ्यात मालक आला. "काय काका, उघडलंत कशाला? काही सापडलं का?"

ही वेळ होती. हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो. मी सांगितलं असतं तर तो हसला असता, दोन दिवस गावभर माझी थट्टा झाली असती, आणि बाई परत खुर्चीवर बसली असती. बस, एवढंच होणार होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "स्क्रू जरा आवळून घेतले."

"बघा, माणूस बदललं तशी एक रिले गेली नाही," तो म्हणाला. "तुम्ही मानत नव्हता."

मी हसलो. तोंड उघडून, दात दाखवून. ज्याला मी दोन महिने अडाणी म्हणत होतो, त्याच्या अडाणीपणाच्या आड मला व्यवस्थित लपता येत होतं. त्या माणसाबद्दल इतके दिवस मनात जो तुच्छपणा बाळगला होता, तो त्या क्षणी माझ्याच अंगावर आला. निदान तो जे बोलत होता त्यावर त्याचा विश्वास होता.

एप्रिलमध्ये हंगाम संपत आला तेव्हा मी शेवटचा गेलो. गार खोली बंद करायची होती, पॅनल तपासून द्यायचं होतं. दरवाजा लाल बटणावर थांबत होता, तीन सेकंद उभा राहत होता, मग मागे येत होता. रिलेचे पॉइंट नव्यासारखे होते. मालक मुंबईला गेला होता. मी मागच्या बाजूने गाडीकडे निघालो, कारण सावली तिकडे होती, आणि त्याच बाजूला हौद होता हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

ती एकटीच होती. बाजूला रिकाम्या क्रेटची थप्पी, पाण्यात अर्धं बुडालेलं क्रेट, हातात ब्रश. ती डाव्या हाताने घासत होती. उजवा पोटाशी धरलेला होता.

"भाऊ," तिने हाक मारली. "काय म्हनतो दरवाजा?"

"चाललाय."

"गेली का परत ती डबी?"

"नाही."

"किती दिस झाले?"

"दीड महिना झाला."

तिने मनात हिशेब केला असावा. "म्हंजे मी उठले तवापासून."

मी गाडीची किल्ली शोधायला खिशात हात घातला.

"मग माझाच हात आसंल वो," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं. पटलेली गोष्ट सांगावी तसं सांगत होती. "मी उगाच म्हनत व्हते दरवाजा थांबत नाय, थांबत नाय. मालकाला बी बोलले तसं. लय चिडले माझ्यावर. आता घरी मी मिक्सर बी लावत नाय भाऊ, सून लावते. परवा नात म्हनली, आजी पंखा लाव. म्हटलं तूच लाव बाय. नवा हे, उगा जळंल."

अंगण रिकामं होतं. मालक नव्हता, सुपरवायझर नव्हता, हसायलाही कुणी नव्हतं. 'मावशी, चूक माझी होती,' एवढे चार शब्द माझ्या तोंडात तयार होते. त्या चार शब्दांनी ती घरी जाऊन स्वतःच्या हाताने पंखा लावू शकली असती. मला स्वतःची किळस येत होती, आणि तरी मी किल्ली खिशात चाचपत होतो.

"विजेच्या बाबतीत काळजी घेतलेली बरी, मावशी," मी म्हणालो.

"हां. तुमाला त्यातलं कळतं," ती म्हणाली, आणि डाव्या हाताने पुढचं क्रेट हौदात ओढायला लागली.